पट्टी बांधून एक तास

अभ्यासमंडळाची बैठक दुपारी तीनची होती, म्हणजे विद्यापीठात माणसं कशालाही हो म्हणतात त्या वेळेची. टेबलावर कचोऱ्या आल्या होत्या, त्यांवर इंदूरच्या रिवाजाप्रमाणे शेव भुरभुरलेली होती, आणि विषयपत्रिकेवर आमचा नवा अभ्यासक्रम होता: डिसॅबिलिटी स्टडीज, म्हणजे अपंगत्वाचा अभ्यास. आधी चार क्रेडिटचा एकच पेपर, चालला तर पदविका, त्यापुढचं देवाच्या आणि कार्यपरिषदेच्या हाती. 'प्रात्यक्षिक' या रकान्यात काय घालायचं यावर गाडी अडली, तेव्हा एका ज्येष्ठ सरांनी तोंड पुसत सुचवलं की मुलांनी डोळ्यांवर पट्टी बांधून एक तास आवारात फिरावं आणि मग अनुभव लिहून आणावा. दहा गुण. माना हलल्या. 'बढ़िया, एकदम प्रॅक्टिकल,' कुणीतरी म्हणालं. तेवढ्यात टेबलाच्या टोकाकडून हसू आलं, चांगलं खळखळून. विद्यार्थ्यांच्या बाजूनं बोलायला म्हणून आम्ही कायदा शिकणाऱ्या एका मुलीला बोलावलं होतं. धारच्या मराठी घरातली, जन्मापासून दृष्टी नसलेली. सरांनी जरा अवघडून विचारलं, 'क्यों बेटा, क्या हुआ?'

"सर, मी काय दिवसभर धडपडतच असते का?"

इतिवृत्तात या सगळ्याची नोंद झाली ती अशी: 'चर्चेअंती सदर सूचना पुढील बैठकीपर्यंत स्थगित.' मला मात्र ते हसू चिकटून बसलं. पलासियाच्या सिग्नलला उभी असताना तेच डोक्यात. पट्टी बांधलेला मुलगा तासाभरात काय शिकेल? पायरी कुठं संपते ते कळत नाही, कुणीतरी हात धरावासा वाटतो, पट्टी सोडली की हुश्श होतं. त्याला कळतं ते डोळे गेल्याचं भय. काठीचा आवाज फरशीवर वेगळा आणि डांबरावर वेगळा येतो, भिंत जवळ आली की कानाला ती जाणवते, जिन्याच्या वळणाला हाताला सवयीनं कठडा सापडतो, हे त्याला कुठून कळणार? ते काही तासाचं काम नाही. तो पट्टी सोडून दया घेऊन परत येणार, आणि त्या दयेला आम्ही दहापैकी आठ गुण देणार.

हा विषय कुठल्या विभागात बसवायचा यावर आधीच पुष्कळ वाद झाला होता. शिक्षणशास्त्रवाले म्हणाले, हे तर स्पेशल बी.एड.मध्ये आहेच. मानसशास्त्रवाले म्हणाले, समुपदेशन आमच्याकडे. एकानं विचारलं, आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेची, मान्यता आहे का? 1992च्या कायद्यानं पुनर्वसन परिषद आली तेव्हापासून विशेष शिक्षक, ऑडिओलॉजिस्ट वगैरेंच्या अभ्यासक्रमांना तिची मान्यता लागते, त्यामुळं अपंगत्व म्हटलं की आपल्याकडं फाईल आपोआप त्या दिशेला वळते. मला पुनःपुन्हा सांगावं लागलं की आपण कुणावर उपचार करायला मुलं तयार करत नाही आहोत. मग काय करतो आहोत? हे एका वाक्यात सांगता येईना. समाजशास्त्राची बाई म्हणून मी म्हणाले, जात शिकवताना आपण फक्त दलितांचा अभ्यास करत नाही, जातीची व्यवस्था शिकवतो, तसंच. यावर जरा शांतता झाली आणि चहा आला.

या विषयाकडं मी पुस्तकांतून आले असं माझ्या बायोडेटात लिहिलेलं आहे. ते अर्धंच खरं. आमच्या रामबागेतल्या वाड्यात माझी आत्या होती. दुसऱ्या वर्षी तापाचं निमित्त होऊन उजवा पाय गेला. पोलिओ हा शब्द घरात फार उशिरा आला, तोवर ते 'वारं गेलं' एवढंच होतं. पायाला कॅलिपर, लोखंडी सळ्या आणि चामड्याचे पट्टे. पावसाळ्यात त्या चामड्याला ओल धरायची आणि माजघरात एक कुबट, बुटांच्या दुकानासारखा वास राहायचा. वाड्याचा उंबरठा वीतभर उंच, त्याच्यापुढं दगडी पायऱ्या, कठडा नाही. आत्या बसून, एकेक पायरी सरकत उतरायची, नऊवारीचा काष्टा नीट सावरून, आणि उतरताना कुणी बघत असेल तर त्याच्याकडं असं बघायची की तो दुसरीकडं बघायला लागे. खाली लिंबाच्या झाडाला साखळीनं बांधलेली तिची तीनचाकी सायकल. हातानं पेडल मारत ती राजवाड्यापर्यंत जाऊन यायची. तिचे दंड आमच्या काकांपेक्षा मजबूत होते.

एकदा खजरान्याच्या गणपतीला गेलो होतो. आम्ही पोरं चपला ठेवायला गेलो, आजी नारळ घ्यायला, आणि आत्या सायकलवर बाजूला. एक गृहस्थ आले, तिच्या मांडीवर रुपयाचं नाणं ठेवलं, हात जोडले आणि गेले. आजीनं ते पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. घरची लेक, चांगल्या घरची, आणि असं. आत्यानं नाणं उलटसुलट करून पाहिलं, म्हणाली, "गणपतीनंच दिलं, आई, नाही कसं म्हणू?" परत येताना तिनं त्याची जिलबी घेतली आणि आम्हा सगळ्यांना वाटली. आजीनं खाल्ली नाही. दोघींपैकी कुणाचं दुःख खरं हे मला तेव्हा कळलं नाही, आणि आज शिकवायला उभी राहिले तरी मी त्यावर ठाम काही बोलू शकेन असं वाटत नाही. जिलबी मात्र कुरकुरीत होती.

गल्लीतली पोरं तिच्याकडं गणित शिकायला यायची. फी नाही, पण घरातलं दळण आणणं, सायकलला तेल घालणं ही कामं ती बिनदिक्कत करवून घ्यायची. त्यांतले दोघं पुढं इंजिनियर झाले. त्यांनी बांधलेल्या इमारतींना उतार होता का, हे विचारायचं राहून गेलं. 2016च्या अपंग हक्क कायद्याचं कलम 47 मी आता वर्गात वाचून दाखवते, तेव्हा मला तेच दोघं आठवतात. शिक्षक, डॉक्टर, परिचारिका, अंगणवाडी सेविका, अभियंते, वास्तुविशारद, या सगळ्यांच्या शिक्षणात अपंगत्व हा घटक असला पाहिजे असं त्या कलमात स्पष्ट म्हटलं आहे. कायदा 2017च्या एप्रिलपासून लागू आहे. आमच्या शहरातल्या इंजिनियरिंगच्या किती मुलांना हे माहीत असेल, याचा अंदाज वाचणाऱ्यानं करावा.

लंडनमध्ये 1976 साली काही अपंग माणसांच्या संघटनेनं एक छोटी पत्रिका काढली. तिचं म्हणणं असं की शरीरात उणं असणं एक, आणि त्या शरीराला बाजूला टाकणारा समाज ही दुसरी गोष्ट. आम्हाला अपंग करतो तो समाज. पुढं 1983मध्ये ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ माइक ऑलिव्हर यांनी त्याला 'सोशल मॉडेल' हे नाव दिलं आणि त्यावर विद्यापीठांत विभाग उभे राहिले. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाड्याच्या पायऱ्या डोळ्यांसमोर आल्या. उंबरठा कुणीतरी घडवला होता, कठडा कुणीतरी लावला नव्हता. मला फार हलकं वाटलं, रागही आला, आणि राग आल्याचं बरंही वाटलं.

पण जानेवारीत आत्याचा पाय ठणकायचा.

इंदूरच्या थंडीत रात्री दीड-दोनला तिच्या खोलीत दिवा लागायचा. आजी उठून शेगडीवर तेल गरम करायची, त्यात ओवा, आणि चोळत बसायची. ते दुखणं समाजानं दिलेलं नव्हतं, आणि सगळ्या इंदूरला उतार बांधले असते तरी ते गेलं नसतं. जेनी मॉरिस, लिझ क्रो यांच्यासारख्या अपंग स्त्रियांनी ब्रिटनमध्येच नव्वदीच्या दशकात हेच सुनावलं की आमचं शरीर, आमचा थकवा, आमची वेदना तुमच्या सिद्धांतातून कुठं गळाली? अभ्यासक्रमात मी दोन्ही बाजू ठेवल्या आहेत. एका सहकाऱ्यानं विचारलं की मग मुलांनी परीक्षेत नक्की कुठलं उत्तर लिहायचं. आणि तिसरी गोष्ट तर कुठल्याच पुस्तकात मला नीट मिळाली नाही: ती तेल चोळणारी आजी. तिचे तळहात पहाटेपर्यंत ओव्याचे वास मारायचे, आणि सकाळी सहाला नळाला पाणी यायचं.

देवास इथून पस्तीसेक किलोमीटर. माळव्यातल्या मराठी माणसासमोर अपंगत्व, आजार असं काही बोलायला लागलं की दहा मिनिटांत कुमार गंधर्व येतात. वर्गातही आले. 1948मध्ये क्षयानं खंगलेले कुमार हवापालटासाठी देवासला आले, एक फुप्फुस कामातून गेलं, काही वर्षं गाणं बंद, आणि 1953च्या सुमाराला ते पुन्हा मैफिलीत बसले ते वेगळेच होऊन. आम्ही ही गोष्ट लहानपणापासून 'आजारावर मात' अशी ऐकत आलो. वर्गात एका मुलानं, तबला वाजवणाऱ्या, विचारलं, मात कशी? त्यांनी दमाचं गाणं परत मिळवलं नाही, जेवढा श्वास होता त्यात मावेल असं गाणं केलं. मला वाटलं, हा मुलगा चाचणीला बसला नाही तरी चालेल. (बसला, आणि तिथं भलतंच काहीतरी लिहिलं.) आणि मग दुसरी एक मुलगी म्हणाली की त्या काळात कुमारांच्या पत्नी भानुमतीबाई शाळेत नोकरी करत होत्या आणि घरी शुश्रूषा, त्यांचं नाव या गोष्टीत एवढं उशिरा का येतं. त्या दिवशी मी तयारी करून नेलेलं काहीच शिकवलं नाही.

पट्टीच्या जागी काय, हा प्रश्न तसाच होता. धारच्या मुलीला मी म्हटलं, तूच सांग. ती म्हणाली, "मॅडम, आधी मला हा सिलॅबस वाचता येईल असा पाठवा." तो आम्ही तिला पाठवला होताच, पण विद्यापीठाच्या रीतीनं: टाईप करून, प्रिंट काढून, सही-शिक्का मारून, मग स्कॅन करून. तिच्या स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, तो कागद म्हणजे नुसता फोटो, त्यात अक्षर नाही. बरं, मूळ फाईल मागवली तर ती कृतिदेव या फॉन्टमध्ये. मध्य प्रदेशातल्या ज्यांनी कधी सरकारी कागद पाहिला आहे त्यांना कृतिदेव सांगायला नको. पडद्यावर सुरेख देवनागरी दिसते, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं, फक्त आकार बदललेली. तिनं इयरफोन काढून मला ऐकवलं. जिथं 'भारत' लिहिलं होतं तिथं यंत्र म्हणत होतं, एच के के जे आर. पानभर तसंच. ती त्या वेगात ऐकत होती ज्या वेगात मला युनिकोडमधलं, म्हणजे यंत्राला नीट वाचता येणारंसुद्धा कळलं नसतं, आणि हसत होती. तेच हसू.

पट्टीचं प्रात्यक्षिक गेलं आणि त्या जागी हे आलं: विद्यापीठाचा एक कागद घ्यायचा, परिपत्रक, अर्ज, निकालपत्र काहीही, आणि तो कुणाकुणाला वाचता येत नाही ते शोधायचं, मग तो ज्या टेबलावर तयार झाला त्या टेबलापर्यंत जाऊन विचारायचं की असा का केला. मुलांना वाटलं सोपं आहे. टेबलावरचे बाबू वाईट नव्हते. एकानं सांगितलं, युनिकोडचा कीबोर्ड शिकवलाच नाही कुणी, आणि माझी टायपिंगची परीक्षा कृतिदेववर झाली, आता निवृत्तीला आलो. दुसरं प्रात्यक्षिक उताराचं. उंची एक फूट तर उतार बारा फूट, एकास बारा, हे प्रमाण. मुलांनी गवंडी वापरतात तशी पाण्याची पारदर्शक नळी आणली आणि एका इमारतीसमोरचा उतार मोजला. दोन फूट चढायला चोवीस फूट हवेत, तो आठ फुटांत उरकलेला. खाली फिनाईलचे डबे, वर कुणाची तरी ॲक्टिव्हा. ॲक्टिव्हा चढवायला तो उतार फार सोयीचा आहे, हे खरं. नोंदवहीत एका मुलानं लिहिलं, 'उतार असल्याची नोंद निरीक्षण समितीसाठी आहे, चढण्याची नाही.' मी त्याखाली बरोबरची खूण केली आणि मग उगाचच आजूबाजूला पाहिलं.

परीक्षा आली की आणखी एक अध्याय. लेखनिक, म्हणजे विद्यार्थी सांगेल ते उत्तर लिहून देणारा. सरकारी मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे तासाला किमान वीस मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा. आणि 2018च्या नियमात असं होतं की स्वतःचा लेखनिक आणला तर तो शिक्षणानं एक पायरी खाली हवा. हेतू कळतो, कॉपी होऊ नये. पण कायद्याच्या शेवटच्या वर्षाचं उत्तर 'रेस ज्युडिकाटा' कधी न ऐकलेल्या मुलाला सांगून बघा. धारची मुलगी एकेक अक्षर सांगते. त्यात वेळ जातो, त्यात तिचा विचार तुटतो, आणि समोरचा मुलगा कंटाळून पंख्याकडं बघायला लागतो. ती म्हणते, माझ्या गुणपत्रिकेत थोडे गुण त्यांच्या अक्षराचे असतात. सर्वोच्च न्यायालयानं 2021च्या फेब्रुवारीत विकास कुमार यांच्या खटल्यात ठरवलं की लेखनिकासाठी चाळीस टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र हीच अट असू शकत नाही. हा निकाल आता आमच्या वाचनयादीत आहे, पण परीक्षा विभागाच्या खिडकीवर अजून प्रमाणपत्रच मागतात.

'स्कोप काय?' हा प्रश्न पालकांच्या सभेत आला, येणारच होता. मी हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठातल्या डिसॅबिलिटी स्टडीज केंद्राचं सांगितलं. सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्याकडून देशातल्या सुगम्यतेचा, म्हणजे अपंगांना इमारती आणि सेवा वापरता येतात का याचा, अहवाल मागवला, आणि 2024च्या नोव्हेंबरमध्ये राजीव रतूडी खटल्यात त्याच्या आधारावर म्हटलं की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. एक गृहस्थ म्हणाले, छान, पण पगार किती? त्यांचंही बरोबर होतं. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून या विषयात शिकून बाहेर पडलेली मुलं काम करत आहेत हे सांगितलं, ते त्यांनी वहीत टिपून घेतलं.

मग 3 मार्च 2025 आला. मध्य प्रदेशच्या न्यायिक सेवेच्या नियमांत 6-अ असा एक नियम होता, त्यानं दृष्टिहीन आणि अल्पदृष्टी उमेदवारांना न्यायाधीश होण्याची दारं बंद केली होती. एका अशाच उमेदवाराच्या आईनं सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, त्या पत्राचीच याचिका झाली, आणि तो नियम रद्द झाला. आमच्या प्रदेशातला नियम, एका आईचं पत्र. संध्याकाळी धारच्या मुलीचा फोन आला. मला वाटलं आनंदात असेल. आनंद होताच, पण आवाजात काहीतरी वेगळं. म्हणाली, "मॅडम, आता माझ्याकडं कारण नाही उरलं. घरी सांगत होते, परीक्षाच देता येत नाही म्हणून. आता अभ्यास करावा लागेल." मग म्हणाली, आईनं लगेच शेजारणीला सांगितलंसुद्धा की आमची जज होणार. या फोनवर खरं तर एक आख्खं सत्र शिकवता येईल. मी ते शिकवणार नाही.

सध्या अडलंय ते शिकवणाऱ्यांवर. ही गोष्ट पहिल्यापासून धारच्या मुलीनंच लावून धरली होती: अभ्यासक्रम आमच्यावर, तर शिकवणार कोण? नेट झालेले, पीएच.डी. असलेले आणि स्वतः अपंग असलेले प्राध्यापक मिळवू म्हटलं तर मिळत नाहीत, कारण त्यांना शिकूच दिलेलं नाही, आणि ही साखळी कुठून तरी तोडायला हवी. अतिथी विद्वान म्हणून घ्यावं तरी पदवीची अट आडवी येते. मग कुणीतरी 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' सुचवलं. युजीसीनं 2022मध्ये काढलेली ही योजना: पदवी नसली तरी चालेल, पण आपल्या क्षेत्रातला किमान पंधरा वर्षांचा नावाजलेला अनुभव हवा. आमच्या डोळ्यांसमोर एक गृहस्थ होते. दोन्ही पाय नाहीत, पूर्वी एसटीडीचा बूथ चालवायचे, मोबाईल आले आणि बूथ गेला. आता गेली कितीतरी वर्षं लोकांची प्रमाणपत्रं, पेन्शन, रेल्वेची सवलत यांची कामं करून देतात. शहरातलं एकेक कार्यालय, त्यातली एकेक पायरी, कुठला डॉक्टर कुठल्या वारी मंडळावर बसतो, सगळं पाठ. जून महिन्यात त्यांनी आमच्या मुलांपुढं दोन तास बोलून दाखवलं, आणि एकाही मुलानं मोबाईल काढला नाही.

त्यांचा अर्ज भरायला आम्ही तिघं बसलो. नाव, पत्ता, शिक्षण आठवी. पुढचा रकाना: 'क्षेत्रातील अनुभव (वर्षे)'. ते पेन हातात धरून थांबले आणि मला म्हणाले, "ताई, हे कधीपासून धरायचं? कामाला लागलो तेव्हापासून, की पाय गेले तेव्हापासून?" धारची मुलगी म्हणाली, पाय गेले तेव्हापासून लिहा, जास्त भरतात. आस्थापना विभागातल्या बाबूंना फोन लावला. ते म्हणाले, असं उदाहरण नाही, वर विचारून सांगतो.

रकाना रिकामा ठेवून फाईल वर गेली आहे. नव्या वर्षाचे वर्ग मात्र जुलैत सुरू होतील, आणि पहिल्या आठवड्याचं वेळापत्रक मी त्यांच्याच नावावर लावलं आहे, मानधनाचं काय ते नंतर बघू.